अवघड उतारावर कोणी पडत नाही : साताऱ्यातली हौशी एमटीबी शर्यत आणि पडापडी

घाटकरी | सोमवार, रात्री ९:१०

रविवारी यवतेश्वरच्या पलीकडच्या रानात हौशी माउंटन बाइक शर्यत झाली. ती ज्यांनी मारली, बघितली किंवा आडवं होऊन भोगली, त्या सगळ्यांसाठी हा धागा. निकाल ग्रुपवर फिरून झालेत, ते इथे नकोत. मी सायकलवर नव्हतो. उताराच्या तळाशी शिट्टी आणि प्रथमोपचाराची पेटी घेऊन उभा होतो, त्यामुळे मला शर्यत कमी आणि पडापडी जास्त दिसली.

माझं म्हणणं असं, की हौशी शर्यतीत माणूस अवघड जागी पडत नाही. अवघड जागा संपते आणि पुढे जे सोपं लागतं, तिथे पडतो.

या मार्गावर धडकी भरवणारी जागा एकच, जांभ्याची उतरंड. गुडघाभर उंचीचे टप्पे, मध्ये भेगा, कडेला करवंदीची जाळी. शनिवारी मार्ग दाखवायला नेलं तेव्हा तिथे उभं राहून प्रत्येकाने फोटो काढून घरी पाठवला. (घरून काय उत्तरं आली ते विचारू नका.) शर्यतीत मात्र त्या उतरंडीवर एकही जण पडला नाही. ज्यांना जमत होतं ते सीट खाली करून, बूड मागे घेऊन, दोन्ही ब्रेकवर एकेक बोट ठेवून सावकाश आले. बाकीच्यांनी मुकाट्याने सायकल खांद्यावर मारली आणि चालत आले.

त्याच्या खाली बैलगाडीची वाट आहे. लाल मातीची, दोन्ही अंगाला नाचणी, उतार इतका कमी की पायडल मारावंच लागतं. परतीच्या पावसात तिथून ट्रॅक्टर गेलेला, मग ऊन पडलं आणि चाकोऱ्यांच्या कडा कडक वाळल्या. एक पोरगा उतरंड झकास उतरून आला. खाली आल्यावर सीटवर टेकला, घड्याळ बघितलं, एक हात सोडून बाटली काढायला वाकला. तेवढ्यात पुढचं चाक चाकोरीत गेलं. बाहेर काढायला त्याने हॅन्डल जरासं वळवलं, पण टायर कडेला नुसता घासत राहिला, वर चढेना. सायकल एका बाजूला आणि गडी दुसऱ्या. वेग तो काय, धावणारा माणूस मागे टाकेल इतपत. उजव्या खांद्यावर आपटला. लगेच उठला, ‘काही नाही, काही नाही’ म्हणत हसला, आणि डाव्या हाताने उजवा कोपर खालून धरून उभा राहिला. कोपर असा धरलेला दिसला की समजायचं, कॉलरबोन (गळ्याजवळचं आडवं हाड) गेली.

ओढ्यावरही तेच. ओढ्यात गोटे, पोटरीभर पाणी, सगळे नीट पार. पलीकडे वस्तीचा सिमेंटचा रस्ता, झाडाच्या सावलीत शेवाळ धरलेला. ओले टायर घेऊन तिथल्या वळणावर एकामागून एक तिघे आडवे. आणि सगळ्यात कळस म्हणजे, अंतिम रेषा ओलांडल्यावर एक काका फोटोसाठी थांबले. क्लीट, म्हणजे बुटाच्या तळाची पायडलला अडकणारी पट्टी, सोडवायची राहिली. शून्य वेगाने, दोन्ही हात वर केलेल्या अवस्थेत, शेजारच्या केळ्यांच्या टेबलावर गेले. काका ठणठणीत आहेत. केळी कामी आली.

आयोजक लाल पाट्या लावतात त्या सगळ्या अवघड जागेच्या आधी. माझ्या मते एक पाटी नंतर हवी. तुमचं काय? अनुभव लिहा, पण पडलेल्यांची नावं नकोत. ते पण इथेच वाचतात.

चाकवत | सोमवार, रात्री ९:४८

लिहिलंय झकास, पण सहमत नाही.

टोकियो ऑलिंपिक आठवा, कोविडमुळे २०२१ मध्ये झालं ते. माउंटन बाइक शर्यतीत नेदरलँड्सचा मॅथ्यू व्हॅन डर पूल हा सुवर्णाचा दावेदार. पहिल्याच फेरीत एका मोठ्या खडकावरून पुढचं चाक खाली घालून उतरला आणि जोरात आपटला. पुढे शर्यत सोडावी लागली. ती काही बैलगाडीची वाट नव्हती! सरावाच्या वेळी त्या खडकाखाली उतरायला फळी असायची, ती शर्यतीतही असेल अशी त्याची समजूत होती. फळी काढलेली होती.

अवांतर : ती शर्यत जिंकली ब्रिटनच्या टॉम पिडकॉकने, आणि त्याची कॉलरबोन त्याआधी दोन महिन्यांच्या आतच, सरावात गाडीने धडक दिल्यामुळे मोडलेली होती. तुमच्या त्या पोराला एवढं जरूर सांगा.

घाटकरी | सोमवार, रात्री १०:०२

अहो, हे उदाहरण माझ्याच बाजूचं झालं की. फळी आहे म्हणून त्याने ती जागा सोपी धरली, म्हणूनच पडला.

चाकवत | सोमवार, रात्री १०:०५

असं म्हटलं तर तुम्ही कधीच हरणार नाही. जो पडला त्याने सोपं धरलं, जो नाही पडला त्याने अवघड धरलं. संपला विषय.

निवांत सातारकर | सोमवार, रात्री १०:३१

लाख-दीड लाखाची सायकल घ्यायची, चड्डीत स्पंज घालायचा, पहाटे पाचला उठून रानात जायचं आणि पडून यायचं. पडायचंच असेल तर आमच्या गल्लीत या. खड्डे आहेत, कुत्री आहेत, प्रवेश फी नाही. वर चहा पाजतो.

तिफण | सोमवार, रात्री १०:४०

निवांतभाऊ, गल्लीत मेडल देणार असाल तर येते.

घाटकरीदादा, मुद्दा अर्धा पटला. अर्धा सुटलाय तो सांगते. मी ही शर्यत मारली. आम्हा बायकांचा गट पुरुषांच्या मागून काही मिनिटांत सोडला. म्हणजे पुरुषांतले सगळ्यात मागचे आणि बायकांतल्या पुढच्या, दोघांची गाठ बरोबर त्या एकेरी पायवाटेवर पडणार. तसंच झालं. मी मागून ‘डावीकडून येतेय’ म्हणून हाक दिली. पुढचे गृहस्थ दचकून डावीकडेच वळले. कारवीत गेले. दुसऱ्याला हाक दिली तर तो मान वळवून मागे बघायला लागला. मान जिकडे वळते तिकडे खांदा वळतो, खांद्यामागे हॅन्डल. तोही गेला.

हे दोघे काही ढिलाईने पडलेले नाहीत. घाबरून पडलेत. तीस-चाळीस जणांना एका शिट्टीवर पायवाटेत कोंबलं की दुसरं काय होणार? बाई मागून येतेय म्हटल्यावर काहींच्या अंगात भलतीच वीज येते, तो वेगळाच विषय, त्यावर परत कधीतरी.

ज्यांना मागून हाक येते त्यांच्यासाठी : काहीही करू नका. आहे त्या रेषेत चालत राहा. जागा शोधायचं काम मागच्याचं आहे.

चाकवत | सोमवार, रात्री ११:१५

तिफणताईंना +१००.

या खेळाची सुरुवात जिथून झाली म्हणतात, त्या रिपॅक शर्यतीत ही भानगडच नव्हती. कॅलिफोर्नियात फेअरफॅक्स गावाजवळ डोंगरातला कच्चा रस्ता, सव्वातीन-साडेतीन किलोमीटरचा सलग उतार. पहिली शर्यत २१ ऑक्टोबर १९७६ ला. तिथे एकेकाला अंतराने सोडायचे आणि घड्याळ लावायचे, त्यामुळे कोणी कोणाच्या अंगावर जायचा प्रश्न नाही. सायकली म्हणजे जुन्या, जाडजूड, जाड टायरच्या, पायडल उलटं मारलं की मागचा ब्रेक लागणाऱ्या. त्या उतारावर मागच्या चाकाचा हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर व्हायचा. खाली आलं की हब उघडून नव्याने ग्रीस भरायचं, त्यावरून शर्यतीचं नाव पडलं रिपॅक, म्हणजे ‘पुन्हा भरा’.

आणि पहिल्या शर्यतीचा निकाल? ॲलन बाँड्स नावाचा गडी जिंकला. बाकीचे कुठे ना कुठे पडले, हा पडला नाही, म्हणून. पुढे गॅरी फिशरने तो उतार ४ मिनिटं २२ सेकंदांत मारला, तो विक्रम राहिला. ऑलिंपिकमध्ये हा खेळ यायला मात्र १९९६ उजाडलं, अटलांटा.

हाडवैद्य | मंगळवार, सकाळी ७:२०

मिरजेत हाडांचा दवाखाना करतो, स्वतः सायकल चालवतो, म्हणून हा धागा दोन्ही अंगांनी वाचला. पोरगा आता बरा असेल अशी आशा. थोडं कामाचं सांगतो.

खांद्यावर आडवं पडलं की धक्का हाताकडून छातीच्या पिंजऱ्याकडे जातो, आणि मधे हाडाचा दुवा म्हणाल तर ही एकच कॉलरबोन. मधल्या भागात ती बारीक असते आणि वरून मांसाचं आच्छादन नाही, म्हणून बहुतेकांची तिथेच मोडते. घाटकरींनी कोपर धरण्याचं जे टिपलंय ते अचूक आहे. हाताचं वजन मोडक्या हाडाला ओढतं, ते उचलून धरायचा तो नैसर्गिक प्रयत्न. अशा वेळी हात ओढून बघू नका, खांदा ‘बसवायला’ जाऊ नका. ओढणी, टॉवेल, जर्सी, जे हाताशी असेल त्याची झोळी करून हात गळ्यात बांधा आणि एक्स-रेला न्या. बऱ्याचशा कॉलरबोन झोळीवर दोन-तीन महिन्यांत जुळतात. टोकं एकमेकांवर फार चढली, किंवा हाडाने कातडी आतून ताणली, तर प्लेट घालावी लागते.

मला कॉलरबोनपेक्षा जास्त काळजी मनगटाची वाटते. पडताना हात टेकतो, दुखतं, ‘मुरगळलंय’ म्हणून तेल लावून पट्टा बांधतात आणि दोन महिन्यांनी माझ्याकडे येतात. अंगठा वर ताणला की त्याच्या मुळाशी मनगटावर खळगा पडतो. त्या खळग्यात दाबून दुखत असेल तर स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडलेलं असू शकतं. पहिल्या एक्स-रेत ते दिसेलच असं नाही, दहा-चौदा दिवसांनी परत काढावा लागतो. तोपर्यंत मनगट बांधून ठेवायचं. या हाडाला रक्त उलट्या टोकाकडून मिळतं, त्यामुळे तुटलेला तुकडा उपाशी पडून मरू शकतो आणि मनगट कायमचं दुखरं होतं. गृहिणी असो की सुतार, मनगट गेलं की रोजचं काम गेलं.

डोकं आपटल्यावर माणूस उठून बसला, बोलला, म्हणजे बरा झाला असं नाही. तोच प्रश्न परत परत विचारत असेल, उलटी होत असेल, आपण कुठल्या फेरीत आहोत हे सांगता येत नसेल, तर त्याला शर्यतीत परत सोडू नका. तो ‘मी ठीक आहे’ म्हणेलच. आणि आपटलेलं हेल्मेट टाकून द्या. आतला फोम एकदा चेपला की चेपला. बाहेरून टवटवीत दिसतं, पण पुढच्या वेळी उपयोग नाही.

खरचटलेल्यांनी जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा, खडी निघेपर्यंत. हळद, कॉफीची पूड, टूथपेस्ट काही भरू नका. गुरांच्या वाटेवरची माती आहे, शेण आहे. धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षं उलटली असतील तर घ्या.

घाटकरी | मंगळवार, सकाळी ८:०५

डॉक्टरसाहेब, मनापासून आभार. पोराला प्लेट लागली नाही. झोळीत हात आहे आणि आई घरात आहे, म्हणजे दुहेरी बंदोबस्त.

पंक्चरवाला | मंगळवार, दुपारी २:३०

डॉक्टरसाहेबांनी हाडाचं सांगितलं, आता मी लोखंडाचं सांगतो. घाटकरीभाऊ, तुमी उताराच्या तळाला हुबं व्हता, मी शनवारी रातभर दुकानात हुबा व्हतो. मला इचाराल तर निम्मी माणसं शनवारीच पडल्याली असत्यात, रविवारी निस्ती जमिनीला लागत्यात.

एक सायकल आली. ऑनलाइन मागवल्याली, घरीच जोडल्याली. मालक म्हणतोय उतारावर जरा वळवळती. बघतोय तर फोर्क, म्हंजी पुढच्या चाकाचा चिमटा, उलटा! ब्रेकची डिस्क उजव्या अंगाला. डिस्क कायम डावीकडं, चेनच्या उलट बाजूला असती. एवढं ध्यानात ठिवलं तरी लांबनं कळतंय. त्यो गडी तसाच पंधरा दिस चालवत व्हता.

दुसऱ्याचा डावा पायडल. डाव्या पायडलचा आटा उलटा असतोय. ह्यो सुलटा पिळत बसला, आत जाईना, मग पाना लावून त्येच्यावर हुबा ऱ्हायला. क्रँकचं, म्हंजी पायडलच्या दांड्याचं, आटं खाल्लं. म्हटलं क्रँक बदल, तर ‘शर्यत झाल्यावर बघू’. बघितलं की चढावर! पायडल बुटाला चिकटून आला आन सायकल खाली ऱ्हायली.

तिसऱ्याचा ब्रेक म्हशीगत हंबरत व्हता. काय केलं बाबा? म्हणला, डिस्क गंजू नाय म्हणून तेल सोडलं. आता काय बोलायचं. पॅडनं तेल पिलं की संपला, त्यो घासून, भाजून कशानं माघारी येत न्हाय. नवीन पॅड घातलं, डिस्क स्पिरिटनं पुसली, चांगलं फडकं घिऊन. चेनला तेल घालताना डिस्कवर शिंतोडा उडू द्यायचा न्हाय, फवाऱ्याचं तेल तर सायकलीजवळ आणायचंच न्हाय.

आता पडल्यावरची गोष्ट. सायकल उजव्या अंगावर पडली तर उठून लगी पायडल मारू नका. मागं जाऊन वाकून बघा. डिरेलर, म्हंजी मागं चेन सरकवणारा गिअर, ज्याला लटकतोय त्यो हँगर मुद्दाम मऊ धातूचा करत्यात, म्हंजी आपटलं तर त्यो वाकावा, फ्रेम वाचावी. हँगर आत वाकला असंल आन तुमी चढ आला म्हणून मागं मोठ्या चकतीवर चेन टाकली, की डिरेलर स्पोकात. डिरेलर गेला, चार स्पोक गेलं, कधी कधी फ्रेमबी. दोनशे-पाचशेच्या हँगरपायी धा-पंधरा हजार. रविवारी एकाचं असंच झालं. पडला तवा काय बी लागलं न्हवतं त्येला, उठून टाळ्या घेतल्या आन पुढच्या चढाला सगळं मोडून बसला.

तिफण | मंगळवार, दुपारी २:५५

‘निम्मी माणसं शनिवारीच पडलेली असतात’, हे दुकानावर लिहून लावा अण्णा.

कृष्णाकाठ | मंगळवार, संध्याकाळी ६:१०

सांगलीकडून हजेरी. आमच्याकडे घाट नाही, पण दंडोबाचा डोंगर आहे, आणि दंडोबापेक्षा मोठी बाभूळ आहे. आम्ही पडत नाही, आम्ही बसतो. पंक्चर काढत. बाभळीचा काटा टायरमधून आत गेला की मोडतो आणि टोक आतच राहतं. नवीन ट्यूब टाकली की पाच मिनिटांत तीही गेली. म्हणून ट्यूब बदलताना टायरच्या आतून बोटं फिरवायची, हळू, नाहीतर काटा बोटात.

ट्यूबलेस केल्यापासून सुख आहे, पण आपल्या उन्हाळ्यात आतलं सीलंट (भोक बुजवणारं पातळ रसायन) दोन-तीन महिन्यांत वाळून त्याचे गोळे होतात, हे दुकानदार सांगत नाहीत. चाक हलवून खळखळ ऐकू आली तर आहे. साताऱ्यात दगडावर हवा किती ठेवता? आमच्यातला एकजण रस्त्यावरची सवय म्हणून ५० ठेवून आला होता, प्रत्येक दगडावर टप्पे खात होता.

चाकवत | मंगळवार, संध्याकाळी ६:४५

२९ इंची चाक, २.२ चा टायर, ट्यूबलेस आणि ७० किलोच्या आसपासचा माणूस असेल तर मी पुढे २२-२४, मागे २४-२६ पीएसआय सांगेन. ट्यूब असेल तर पाच-सहा वाढवा, नाहीतर दगडाच्या धारेवर ट्यूब रिममध्ये चिमटून शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. जांभ्यावर हे फार होतं. चिखल असेल तर आणखी एखाद-दोन कमी. पंप न्याल तो तुमच्या वॉल्व्हचा आहे ना ते घरी बघा. बारीक वॉल्व्हच्या सायकलला मोटरसायकलवाला पंप घेऊन आलेला मनुष्य मी पाहिलाय.

आणि पंक्चर झालं म्हणजे शर्यत गेली असंही नाही. पिडकॉक २०२४ ला पॅरिसमध्ये सुवर्णपदकाच्या शर्यतीत पंक्चर झाला, चाक बदलून मागून आला आणि शेवटच्या फेरीत फ्रान्सच्याच कोरेत्स्कीला गाठून जिंकला. आता त्याला चाक हातात देणारी माणसं उभी होती, आपल्याला आपण स्वतःच. तरी पण.

रानवाट | मंगळवार, रात्री ९:२०

मी त्या वस्तीवरचाच आहे, ओढ्याच्या अलीकडे माझं घर. सगळे आपापल्या पडण्याचं लिहितायत, आमच्या बाजूचंही थोडं.

शर्यतवाल्यांनी बाणाच्या पाट्या बांबूला बांधल्या होत्या. आदल्या संध्याकाळी म्हशी घरी येताना एकीने त्या बांबूला अंग घासलं. बाण फिरला. सकाळी पहिला गडी आला तो सरळ डावीकडे आमच्या नाचणीत. त्याच्या मागे दुसरा, तिसरा, लाइनच लागली. उजव्या बाजूला झाडाला रंगीत फित लटकत होती, पण वर बघतोय कोण? सगळे पुढच्याच्या मागच्या चाकाकडे बघत चाललेले. मी हातातलं टाकून ओरडत पळालो तर त्यांना वाटलं गावकरी जोर देतायत, आणखी जोरात पायडल मारायला लागले. वाट विहिरीपाशी संपते. तिथे आमची आजी धुणं धूत होती. एवढी रंगीबेरंगी माणसं बघून म्हणाली, ‘काय हरवलं का रं बाबांनो?’ एकजण म्हणाला, ‘आजी, रस्ता.’ म्हणाली, ‘मग मागं जावा की, पुढं हिर हाय.’

नाचणीचं जे नुकसान झालं ते आयोजकांनी न मागता भरून दिलं, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती सायकलवाले वाटेत खातात त्या जेलच्या पाकिटांची. चिकट, गोड, शेळ्या चघळतात आणि गिळतात. दोन दिवस आम्ही पोरं वाटेवरून तीच वेचतोय. पाकीट फोडताना वरचा तुकडा दाताने तोडून थुंकायची पद्धत आहे ना तुमच्यात, तो तुकडा जास्त वाईट. सापडतच नाही.

आणि दुसरं, शर्यतीची वेळ वस्तीवर आदल्या दिवशी घरोघर सांगा. ग्रामपंचायतीत कागद दिला म्हणजे ट्रॅक्टरवाल्याला कळलं असं होत नाही. त्या दिवशी एक ट्रॅक्टर शेणखत घेऊन समोरून आला, थोडक्यात निभावलं.

घाटकरी | मंगळवार, रात्री ९:५०

पाकिटांचं आणि ट्रॅक्टरचं दोन्ही आयोजकांना आजच कळवलं. पाटीचं तर त्यांना म्हैस म्हणून खरंच वाटेना, मी तुमची पोस्ट दाखवली. पुढच्या वेळी वळणाच्या आधी एक, वळणावर एक आणि वळणानंतर खात्रीची एक, अशा तीन खुणा लावणार म्हणतायत. फित फाटली तरी चुन्याचा बाण जमिनीवर राहतो.

डोंगरपाखरू | बुधवार, दुपारी १२:१०

नवीन आहे, वाचनमात्र होते. सरावासाठी कास पठार कसं राहील? सपाट आहे, खडक आहे, साताऱ्याहून पंचवीस किलोमीटरवर. फुलांचा हंगामही संपत आलाय.

तिफण | बुधवार, दुपारी १२:३५

कासपर्यंतचा डांबरी रस्ता जरूर मारा. समर्थ मंदिरापासून यवतेश्वरचा घाट चढलात की पायांना काय हवंय ते मिळतं. पण रस्ता सोडून पठारावर सायकल अजिबात नाही. जांभ्याच्या सड्यावर माती बोटभर असते आणि पुढच्या वर्षीचं सगळं बी-कंद त्या बोटभर मातीत असतं. फुलं दिसत नाहीत म्हणजे तिथे काही नाही असं नाही. ओल्या मातीवर चाकाची एक रेघ पडली की पुढच्या पावसात तिथून पाणी वाहतं आणि माती धुपून खाली खडक उघडा. राखीव वन आहे, २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि वनखात्याने अडवलं तर त्यात त्यांची चूक नाही.

सरावाला बोगद्यातून परळीकडे जा, धरणाच्या बाजूने गावोगावच्या कच्च्या वाटा आहेत. विचारून जा. पहाटे-संध्याकाळी गवे असतात, लांबून वाट द्या. त्यांना ‘डावीकडून येतेय’ सांगू नका.

निवांत सातारकर | बुधवार, दुपारी १:१५

गव्यांना मागून हाक दिली तर ते निदान कारवीत जाणार नाहीत.

तिफणताई, वाचून वाचून मलाच सायकल घ्यावीशी वाटायला लागलीय. सांगू नका कोणाला.

हाडवैद्य | बुधवार, दुपारी १:४०

आधी हेल्मेट घ्या.

चाकवत | बुधवार, रात्री ८:३०

घाटकरी, मूळ मुद्द्यावर परत. तीन दिवस वाचून हिशोब असा दिसतो : चाकोरीतला पोरगा, शेवाळावरचे तिघे आणि केळीवाले काका तुमच्या बाजूला. कारवीतले दोघे तिफणताईंच्या. पायडलवाला आणि डिरेलरवाला अण्णांच्या. नाचणीत गेलेले म्हशीच्या. अवघड जागी पडलेला एकटा व्हॅन डर पूल, तोही तुम्ही पळवलात. म्हणजे उतरंड निर्दोष सुटली हे मान्य. पण तुमच्या ‘नंतरच्या पाटी’ने यातले किती वाचले असते? फार तर चाकोरीवाला. शेवाळावर पाटी काय करणार, तिथे पोतं आणि भुसा टाकायला हवा होता.

घाटकरी | बुधवार, रात्री ९:०५

पोतं आणि भुसा मान्य, एकदम मान्य. लिहून घेतलं. तिफणताईंच्या मागणीवर बायकांचा गट आधी सोडणार, आणि पुरुषही दहा-दहाचे गट करून दोन मिनिटांनी, असं आयोजक म्हणालेत. शनिवारी सायकल तपासून टिळा लावल्याशिवाय रविवारी बिल्ला नाही, हेही जवळपास ठरलंय. तपासणीला अण्णांनी बसावं अशी सगळ्यांची इच्छा आहे.

पाटी मात्र मी सोडणार नाही. एका पोराचं हाड वाचलं तरी प्लायवूडचा तुकडा महाग नाही. मजकूर सुचवा.

तिफण | बुधवार, रात्री ९:१२

‘संपलं नाही अजून.’

कृष्णाकाठ | बुधवार, रात्री ९:२०

‘बाटली पुढच्या झाडाखाली प्या.’

रानवाट | बुधवार, रात्री ९:३१

काहीही लिहा, पण बांबूला बांधू नका.

पंक्चरवाला | बुधवार, रात्री १०:१५

तपासणीला बसतो, पर शनवारी दुपारी चारला बंद. त्येच्या पुढं आला त्येला पुढची शर्यत. आन ज्यांचं हँगर वाकल्यात त्यांनी जुना हँगर खोलून संगं घिऊन या. व्हॉट्सॲपवर फोटू पाठवू नका. हँगर शंभर जातीचं असत्यात, फोटूवरनं भोकाचं माप कळत न्हाय.